मोटारीचे दुसरे कुलूप : गुप्त स्विच आणि अलार्म चोरी कशी रोखतात

नवी दिल्ली : मोटार चोरीला गेली की पूर्वी घटनास्थळी काही खुणा हमखास सापडत. फुटलेल्या काचेचा चुरा, वाकवलेले दार, स्टिअरिंगखालून ओढून काढलेल्या वायरी. आता अनेकदा तेथे रिकामी जागा तेवढी उरते. सीसीटीव्हीच्या चित्रणात एक-दोन माणसे गाडीजवळ येतात, थोडा वेळ रेंगाळतात, गाडीचे दिवे लुकलुकतात आणि मालकानेच नेल्यासारखी ती शांतपणे निघून जाते. खरी चावी त्या वेळी घरातच असते.

कारखान्यात बसवलेले इलेक्ट्रॉनिक कुलूप या चोरांना आता पुरेसा अडथळा वाटत नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या काळातला एक साधा उपाय नव्याने उपयोगी ठरत आहे. तो म्हणजे मालकालाच ठाऊक असलेला छुपा स्विच. तो बंद असेल तर चावी असूनही इंजिन चालत नाही. इंग्रजीतून आलेले ‘किल स्विच’ हे त्याचे रूढ नाव. हा स्विच आणि चोरीचा प्रयत्न होताच आवाज करणारा अलार्म यांची कामे वेगवेगळी आहेत. कोणता उपाय कशासाठी आहे, तो कुठे उणा पडतो आणि कुठे धोकादायक ठरू शकतो, हे बसवून घेण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

गाडी गेल्यावर उरते काय?

चोरीला गेलेली गाडी परत मिळेल, या आशेवर फार विसंबता येत नाही. काही गाड्यांचे सुटे भाग करून विकले जातात. मेरठमधील सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठी अनेक वर्षे देशभर कुप्रसिद्ध होता. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद झाला. दुसऱ्या प्रकारात चोरीच्या गाडीला नवी ओळख दिली जाते. अपघातात पूर्ण निकामी झालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची कागदपत्रे मिळवायची, तिचा चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर कोरायचा आणि ती दूरच्या राज्यात विकायची, अशी ही पद्धत. दोन्ही प्रकारांत पहिल्या काही तासांनंतर गाडीचा माग लागणे अवघड होत जाते.

विमा असला की सगळे भरून निघते, हा समजही अपुरा आहे. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्ष विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण लागते. तेही गाडीच्या घोषित मूल्यापुरतेच असते. प्रचलित घसारा कोष्टकानुसार दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीच्या विक्री किमतीतून ३० टक्के, तर चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या किमतीतून ५० टक्के वजा होतात. दहा लाख रुपये किमतीची गाडी तिसऱ्या वर्षी चोरीला गेली, तर हिशेब सात लाखांच्या आसपास सुरू होतो. नोंदणीचा खर्च आणि रस्ता कर त्यात येत नाहीत. गाडीवर कर्ज असेल तर भरपाईवर आधी कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क असतो. टॅक्सीचालकाच्या बाबतीत दावा निकाली निघेपर्यंतचे बुडालेले उत्पन्न वेगळेच.

म्हणून खरा प्रश्न चोर पकडण्याचा नसून गाडी जागची न हलू देण्याचा आहे.

कारखान्यातले कुलूप

आजच्या बहुतेक मोटारींत इमोबिलायझर असतो. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते. चावी लावली, की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून त्या चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत पाठवते. गाडीच्या संगणकाने तो ओळखला, तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. नुसती धातूची नक्कल चावी दार उघडू शकेल. इंजिन सुरू करू शकणार नाही.

हा उपाय परिणामकारक ठरला, यात शंका नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने जुलै २००१ पासून, तर कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून तो बंधनकारक केला. सक्तीनंतर मोटारचोरीचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे नेदरलँड्समधील आकडेवारीच्या अभ्यासातून दिसले.

तो नसला तर काय होते, हे अमेरिकेने अनुभवले. तेथे अशी सक्ती नव्हती. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर मूळ सुविधा म्हणून मिळत होता. ह्युंदाई आणि किया यांच्या बाबतीत हे प्रमाण केवळ २६ टक्के होते, असे तेथील विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेने नोंदवले. या गाड्या कशा सुरू करायच्या, याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. मिलवॉकी शहरात २०२१ मध्ये चोरीला गेलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक याच दोन कंपन्यांच्या होत्या. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी विनामूल्य सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर करावी लागली. तिने दोन गोष्टी केल्या. कुलपात चावी असल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही, अशी व्यवस्था केली आणि अलार्मचा अवधी ३० सेकंदांवरून एक मिनिटावर नेला. आधी इंजिन रोखायचे आणि मग आवाज वाढवायचा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग ते उघडते कसे?

इमोबिलायझरचा कमकुवतपणा त्याच्या तंत्राइतकाच त्याच्या सारखेपणात आहे. एका मॉडेलच्या हजारो गाड्यांत तीच रचना असते. एका गाडीवरचा तोडगा सापडला, की तो त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना लागू पडतो. त्यासाठीची उपकरणे तयार होतात, विकली जातात आणि वापरणाऱ्याला तंत्र समजण्याचीही गरज उरत नाही.

पहिला मार्ग बिनचावीच्या, म्हणजे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचा. चावी खिशात असली की गाडी तिला ओळखते. घरात ठेवलेल्या चावीचा क्षीण संदेश दोन उपकरणांच्या साहाय्याने गाडीपर्यंत पोहोचवला, तर चावी जवळच आहे असे गाडीला वाटते. झुरिच येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग यशस्वी करून दाखवला होता.

दुसरा मार्ग दुरुस्तीच्या सोयीचा. गाडीतील बिघाड तपासण्यासाठी स्टिअरिंगच्या आसपास एक जोडणी असते. चावी हरवल्यास अधिकृत कारागीर याच जोडणीतून नव्या चावीची नोंद करतो. तीच सोय चोरांच्या हाती गेली आहे. देशाच्या राजधानीत पकडल्या गेलेल्या टोळ्यांकडून चावी प्रोग्राम करण्याची टॅबलेटसारखी उपकरणे अनेकदा जप्त झाली आहेत.

तिसरा मार्ग अधिक नवा आहे. गाडीतील वेगवेगळे संगणक एका समाईक वायरजाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. त्या जाळ्यात बाहेरून शिरकाव करून ‘चावी वैध आहे’ असा खोटा संदेश घुसवला जातो. लंडनमध्ये २०२२ मध्ये मोटारींच्या सायबर सुरक्षेवर काम करणारे संशोधक इयान टेबर यांचीच टोयोटा रॅव्ह-४ अशा रीतीने चोरीला गेली. त्यांनी सहकाऱ्यासह शोध घेतला, तेव्हा ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेले असे उपकरण बाजारात विकले जात असल्याचे आढळले.

तिन्ही मार्गांत गाडीच्या संगणकाची समजूत घातली जाते. छुपा स्विच नेमका येथे उपयोगी पडतो, कारण त्याची समजूत घालता येत नाही. संगणकाने होकार दिला तरी वायरच तुटलेली असेल, तर वीज पुढे जात नाही. शिवाय प्रत्येक गाडीत तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या वायरीवर असतो. एका गाडीवर शिकलेली युक्ती दुसरीवर चालत नाही.

छुपा स्विच काम कसे करतो?

इंजिन चालायला वीज अनेक ठिकाणी लागते. त्यांपैकी एखादे ठिकाण निवडून तेथील मंडल तोडता-जोडता येईल असा स्विच बसवणे, एवढेच हे तंत्र आहे. व्यवहारात दोन जागा अधिक निवडल्या जातात.

पहिली जागा स्टार्टरची. स्विच बंद असेल तर बटण दाबूनही इंजिन फिरत नाही. ही व्यवस्था तुलनेने सुरक्षित असते, कारण स्टार्टरचे काम इंजिन सुरू होताच संपते. पुढे प्रवासात स्विचमध्ये बिघाड झाला, तरी चालती गाडी बंद पडत नाही. मात्र हाताने गिअर बदलण्याच्या, चावीने सुरू होणाऱ्या गाड्या धक्का देऊनही सुरू करता येतात. तेथे हा एकच उपाय अपुरा पडतो.

दुसरी जागा पेट्रोल गाडीच्या इंधन पंपाची. पंपाचे मंडल तोडले, की इंजिन नळीत उरलेल्या दाबावर काही क्षण चालते आणि मग बंद पडते. गाडी थोडे अंतर जाऊन थांबते. भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपाशी थांबणे चोराला परवडत नाही. मात्र गाडी तोवर दारातून हललेली असते आणि रहदारीत आडवी उभी राहू शकते.

इंधन पंपाला अनेक अँपिअर प्रवाह लागतो. तो प्रवाह एखाद्या छोट्या स्विचमधून नेला, तर स्विच तापतो आणि आगीचा धोका निर्माण होतो. म्हणून जाणकार कारागीर जाड वायरीला हात न लावता रिलेच्या नियंत्रणाची बारीक वायर निवडतो. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग. त्यातील गुंडाळीला अँपिअरचा अल्पसा अंशच पुरतो. त्यामुळे बारीक वायर आणि लहान स्विच चालतो. लपवायलाही सोपा जातो.

स्विचचे प्रकारही अनेक आहेत. सर्वांत साधा म्हणजे खटका. प्लॅस्टिकच्या आवरणामागे चुंबकीय स्विच बसवला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. ठरावीक जागी लहान लोहचुंबक टेकवला की मंडल जुळते. गाडीतल्या मूळ बटणांचाच सांकेतिक क्रम वापरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही मिळते. काच खाली घेण्याचे किंवा आवाज वाढवण्याचे बटण ठरावीक क्रमाने दाबल्याखेरीज ती इंजिन सुरू होऊ देत नाही.

जागा निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. चालकाला आसनावरून हात सहज पोहोचला पाहिजे, नाहीतर काही दिवसांतच कंटाळा येऊन स्विच कायमचा चालू ठेवला जातो. आणि शोधणारा जेथे पहिल्यांदा हात घालील, ती जागा टाळली पाहिजे. स्टिअरिंगच्या खाली, फ्यूजच्या पेटीशेजारी किंवा पुढच्या कप्प्यात बसवलेला स्विच फार काळ गुप्त राहत नाही. गाडी दुरुस्तीला किंवा हॉटेलच्या वाहनतळावर दुसऱ्याच्या हाती देताना तो चालू करून द्यावा. जागा सांगत बसू नये. घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती ठाऊक असायला हवी. रात्री रुग्णालयात निघण्याच्या घाईत स्विच न सापडणे हेही संकटच आहे.

धोक्याच्या जागा

चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडेल अशी व्यवस्था कधीही करू नये. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी अतिरिक्त शक्ती लवकरच संपते आणि अनेक गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. महामार्गावर हे जिवावर बेतू शकते. मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय देणारी काही उपकरणे बाजारात आहेत. ती घेताना गाडी थांबल्यानंतरच इंजिन रोखले जाते की कसे, याची खात्री करावी.

पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅगच्या असतात, तर विजेवरील आणि हायब्रीड गाड्यांतील नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात. या दोन्हींना हात लावू नये. नव्या गाड्यांत मंडल तुटल्याची नोंद संगणक घेतो आणि डॅशबोर्डवर इंजिन तपासणीचा दिवा लागू शकतो. वायर कापून केलेल्या कामामुळे त्या भागाची हमी कंपनी नाकारू शकते. म्हणून हमीचा काळ शिल्लक असेल तर आधी अधिकृत सेवा केंद्रात विचारणा करावी. काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि जोडणीला योग्य क्षमतेचा फ्यूज असल्याचे पाहावे.

बॅटरीच तोडणारा स्विच अनेकांना सोपा वाटतो. परंतु त्याने अलार्म आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारे स्थानदर्शक उपकरणही बंद पडते. एक कुलूप लावताना दुसरे उघडण्यासारखाच हा प्रकार.

अलार्म कशासाठी?

छुपा स्विच गाडी जागेवर रोखतो. पण चोर गाडीत शिरला हे कोणालाच सांगत नाही. ते काम अलार्मचे. दार, बोनेट आणि डिकी उघडल्याची जाणीव ठेवणारे स्विच, काच फोडताना होणारा हादरा टिपणारा संवेदक आणि गाडी उचलताना किंवा चाके काढताना होणारा कल ओळखणारा संवेदक हे त्याचे मुख्य भाग. कल ओळखणारा संवेदक विशेष उपयोगाचा आहे, कारण क्रेनने उचलून नेल्या जाणाऱ्या गाडीपुढे छुपा स्विच हतबल असतो.

सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असावी. नाहीतर गाडीची बॅटरी तोडताच तो गप्प बसतो. सायरनची मर्यादा मात्र तांत्रिक नाही, सामाजिक आहे. रस्त्यावर एखाद्या गाडीचा अलार्म वाजू लागला की लोक खिडकीतून पाहण्याऐवजी खिडकी लावून घेतात. मांजर बोनेटवर चढली किंवा फटाका फुटला तरी तो ओरडत असेल, तर मालकही काही दिवसांनी तो बंद करून टाकतो. म्हणून संवेदकाची तीव्रता नीट बेतणे महागडा अलार्म घेण्याइतकेच महत्त्वाचे. मालकाच्या मोबाइलवर सूचना पाठवणारा अलार्म या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतो. सूचना मिळाल्यावर एकट्याने चोरांना सामोरे न जाता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

दिसणारे आणि न दिसणारे

सुरक्षेचे काही उपाय दिसण्यासाठी असतात. स्टिअरिंगला लावलेला लोखंडी दांडा किंवा डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा पाहून चोर पुढे जातो. परंतु तो बहुधा शेजारच्या गाडीकडे जातो. न दिसणाऱ्या उपायांचा परिणाम वेगळा होतो. अमेरिकेत गाडीत लपवलेल्या ‘लोजॅक’ या रेडिओ प्रक्षेपकाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ इयान आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या शहरांत हे उपकरण रुळले, तेथे ते न बसवलेल्या गाड्यांच्या चोऱ्याही घटल्याचे त्यांना आढळले. कोणत्या गाडीत ते आहे हे बाहेरून कळत नसल्याने प्रत्येक गाडीच जोखमीची ठरते.

यावरून दोन्ही प्रकारांची सांगड घालावी, हे उघड आहे. दिसणारा दांडा चोराला मुळात थांबण्यापासून परावृत्त करतो. अलार्म त्याचा वेळ कमी करतो. छुपा स्विच त्या कमी झालेल्या वेळेत सोडवता न येणारे कोडे घालतो. आणि गाडी गेलीच, तर लपवलेले स्थानदर्शक उपकरण तिचा ठावठिकाणा सांगू शकते. बिनचावीच्या गाडीची चावी मुख्य दरवाजाजवळ न ठेवता धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवणे, ही खर्चाच्या मानाने मोठी खबरदारी आहे.

विमा आणि कायदा

पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, या संस्थेने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसवले आणि ते बसवल्याचे वाहनधारकांच्या मान्यताप्राप्त संघटनेने प्रमाणित केले, तर मूळ मोटार विमा दरपत्रकानुसार स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सवलत मिळते. स्थानिक कारागिराने बसवलेला साधा स्विच या सवलतीस पात्र ठरत नाही. हप्त्याची बचत हा तो बसवण्याचा हेतू असू नये. गाडीतील विद्युत जोडणीत केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणे हिताचे.

चोरी झाल्यास पहिले काम पोलिसांकडे तक्रार नोंदवण्याचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते; मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. दिल्लीत वाहनचोरीसाठी ऑनलाइन प्राथमिक माहिती अहवालाची सोय पूर्वीपासून आहे. त्यानंतर लगेच विमा कंपनीला कळवावे. पोलिसांकडे तत्काळ तक्रार झाली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही हा निकाल उशिराचे निमित्त करू नये.

दावा करताना कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी हरवली असेल आणि तिची नोंद कुठेच नसेल, तर निष्काळजीपणाचा मुद्दा उपस्थित होतो. म्हणून दुसरी चावी आजच शोधून ठेवावी. ती सापडली नाही, तर हरवल्याची नोंद पोलिसांकडे करावी आणि सेवा केंद्रातून जुन्या चावीचा संकेत गाडीच्या स्मृतीतून काढून टाकावा. छुपा स्विच बसवण्याचा निर्णय होईल तेव्हा होईल. हे काम त्याआधीचे आहे.